ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर आलेखाचे छेदनबिंदू शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

आलेख क्ष-अक्षाला कुठे कापतो आणि य-अक्षाला कुठे कापतो, प्रश्न एवढाच. कागदावर तो चार ओळींत सुटतो. मुलांच्या हाती ग्राफिंग कॅल्क्युलेटर आला की मात्र वर्गाचे तीन गट पडतात: पडद्यावर काहीच न दिसणारे, भलतंच काही दिसणारे, आणि उत्तर हाती आलं तरी ते कशाचं उत्तर आहे हे न सांगता येणारे. बटणं शिकवून पटकन होतात. बाकीचा वेळ एका गोष्टीसाठी राखून ठेवा: पडद्यावर आलेखाचा फक्त एक तुकडा दिसतो, आणि कोणता तुकडा बघायचा हे मुलांनी स्वतः ठरवायचं असतं.

या लेखात मी क्ष आणि य लिहिलं आहे. यंत्रावर तेच एक्स आणि वाय म्हणून दिसतात. बटणांची नावं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस या मॉडेलची आहेत, कारण त्याच्या पायऱ्या सगळ्यात जास्त आहेत आणि गोंधळही तिथेच जास्त होतो. कॅसिओवाल्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे.

काय काय लागेल

- प्रत्येकी एक कॅल्क्युलेटर. नसतील तेवढे तर दोघांत एक, पण दर गणिताला हात बदलायचा.
- शक्यतो सगळ्यांचं मॉडेल एकच. दोन कंपन्यांची यंत्रं वर्गात असतील तर मुलांना त्यानुसार बसवा, नाहीतर तुमचा निम्मा तास "माझ्याकडे हे बटणच नाही" ऐकण्यात जाईल.
- जास्तीच्या बॅटऱ्या. पडदा फिका पडला की मुलं यंत्र बिघडलं समजून हात वर करतात.
- तुमचा पडदा भिंतीवर दाखवायची काही सोय. तीही नसेल तर फळ्यावर बटणांचा क्रम मोठ्या अक्षरांत.
- आलेख कागद आणि पेन्सिल. हे वगळू नका. का ते पहिल्या पायरीतच कळेल.

## १. यंत्र उघडण्याआधी कागदावर अंदाज

पहिलं समीकरण द्या: य = क्ष² − २क्ष − १५. कॅल्क्युलेटर बंद. विचारा, क्ष शून्य असताना य किती? −१५. म्हणजे य-अक्षावरचा बिंदू (०, −१५) यंत्राशिवाय मिळाला. आता क्ष-अक्षावर य शून्य, म्हणजे क्ष² − २क्ष − १५ = ०; अवयव (क्ष − ५)(क्ष + ३); बिंदू (५, ०) आणि (−३, ०).

मग यंत्र कशाला, असं कोणीतरी विचारतंच. विचारू द्या. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे त्या समीकरणावर यंत्र वापरायला शिकलं, तर यंत्र कधी चकवतं ते ओळखता येतं. अवयव न पडणारी समीकरणं नंतर द्यायचीच आहेत. तोपर्यंत मुलांना "उत्तर साधारण इथे असायला हवं" म्हणायची सवय लागली पाहिजे. अंदाज वहीत लिहूनच ठेवायला सांगा. तोंडी अंदाज पडदा दिसताच बदलतात.

## २. समीकरण भरणं, आणि तिथले सापळे

"वाय इक्वल्स" बटण दाबा. आधी यादीत मागच्या वर्गाची समीकरणं पडलेली असतील तर "क्लिअर" करून टाका. मग पहिल्या ओळीत समीकरण भरा.

वर्गातल्या ऐंशी टक्के तक्रारी इथल्याच असतात असं मी आकडा न मोजताही म्हणेन. त्या अशा:

दोन उणे. वजाबाकीचं उणे वेगळं आणि ऋण संख्येचं वेगळं. दुसरं खालच्या ओळीत, कंसात दिसतं. −२क्ष अशी सुरुवात करताना वजाबाकीचं दाबलं तर "सिंटॅक्स" चूक येते, किंवा यंत्र मागचं उत्तर ओढून घेतं. पडद्यावर ऋण चिन्ह थोडं आखूड आणि वर असतं. मुलांना दोन्ही शेजारी शेजारी टाइप करून फरक बघायला लावा.

समीकरण य च्या रूपात नसणं. ३क्ष + ४य = २४ जसंच्या तसं भरता येत नाही. य वेगळा काढून (२४ − ३क्ष) ÷ ४ भरायचं, तेही कंसासकट. कंस विसरला तर यंत्र २४ − (३क्ष ÷ ४) समजतं. मग रेषा य-अक्षाला ६ ऐवजी २४ वर कापते आणि क्ष-अक्षाला ८ ऐवजी ३२ वर. चूक दाखवणारा संदेश येत नाही, सरळ, सुबक, पूर्ण चुकीची रेषा येते. पहिल्या पायरीतला अंदाज इथे उपयोगी पडतो.

अपूर्णांकाचा सहगुणक. १ ÷ २क्ष असं भरलं तर टीआय-८४ त्याला अर्धा क्ष समजतं, आणि कॅसिओची बरीच ग्राफिंग मॉडेल्स एक भागिले दोन क्ष समजतात. एकच ओळ, दोन वेगळे आलेख. शेजारच्याचं बघून ताळा करणाऱ्या मुलांची इथे फार गंमत होते. उपाय एकच: (१ ÷ २)क्ष, कायम कंसात.

बंद पडलेलं बरोबरचं चिन्ह. कर्सर चुकून "=" वर गेला आणि "एंटर" दाबलं गेलं, तर ते समीकरण काढायचं यंत्र थांबवतं. समीकरण भरलेलं दिसतं, आलेख मात्र नाही. चिन्ह पुन्हा गडद झालं की आलेख परत येतो.

स्टॅट प्लॉट (सांख्यिकी माहितीचे आलेख काढायची सोय) चालू राहणं. "इनव्हॅलिड डिम" अशी चूक आली तर समीकरणात काही बिघाड नसतो. याच पानावर सगळ्यात वर "प्लॉट १" गडद दिसत असेल, तर तिथे जाऊन "एंटर" दाबून बंद करा.

## ३. विंडो ठरवणं

विंडो म्हणजे पडद्यावर आलेखाचा कोणता तुकडा दिसेल ते ठरवणाऱ्या क्ष आणि य च्या मर्यादा. या पायरीला घाई करू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

"झूम" मधला ६ वा पर्याय म्हणजे स्टँडर्ड विंडो: क्ष −१० ते १०, य सुद्धा −१० ते १०. आपलं पहिलं समीकरण यात टाकून बघा. क्ष-अक्षावरचे दोन्ही बिंदू दिसतात. पण अन्वस्ताचा तळ पडद्याखाली गायब! य-अक्षाला आलेख कुठे कापतो, ते दिसतच नाही, कारण −१५ हे −१० च्या खाली आहे. मुलांना विचारा: "हा आलेख य-अक्षाला कापतो का?" निम्मी मुलं "नाही" म्हणतील. वहीत स्वतःच लिहिलेला (०, −१५) समोर असताना म्हणतील. त्या क्षणी त्यांना "विंडो" उघडून वायमिन, म्हणजे य ची खालची मर्यादा, −२० करायला लावा. तळ वर येतो, बिंदू दिसतो. दहा मिनिटांच्या व्याख्यानाने जे साधत नाही ते इथे साधतं.

मग पुढची तीन उदाहरणं याच क्रमाने द्या.

य = ०.५क्ष − १२. स्टँडर्ड विंडोत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात रेषेचा एक लहानसा तुकडा दिसतो, बस्स. दोन्ही छेदनबिंदू, (२४, ०) आणि (०, −१२), पडद्याबाहेर. विंडो कशी निवडायची? कागदावर काढलेल्या बिंदूंच्या थोडं पलीकडे जायचं: क्ष −५ ते ३०, य −१५ ते ५.

य = ४८० − १२क्ष. टाकीत ४८० लिटर पाणी आहे, मिनिटाला १२ लिटर बाहेर जातं. स्टँडर्ड विंडोत काहीच दिसत नाही. क्ष −५ ते ५०, य −५० ते ५५० ठेवा. "वायस्केल" (य-अक्षावरच्या दोन खुणांमधलं अंतर) १ वरच राहिला तर य-अक्ष खुणांनी भरून जाड काळी पट्टी होतो. तो ५० करा. इथे दोन्ही बिंदूंना अर्थ आहे: ४८० म्हणजे सुरुवातीचं पाणी, ४० म्हणजे टाकी रिकामी व्हायला लागणारी मिनिटं. शाब्दिक उदाहरणात विंडोच्या मर्यादा समीकरणापेक्षा गोष्टीतून लवकर सापडतात.

य = क्ष³ − १३क्ष² + १२क्ष. हे माझं आवडतं. स्टँडर्ड विंडोत आलेख ० वर आणि १ वर क्ष-अक्ष कापून खाली निघून जातो. अगदी उलट्या अन्वस्तासारखा दिसतो, आणि मुलं दोन उत्तरं लिहून पेन खाली ठेवतात. विचारा: क्ष खूप मोठा झाला तर क्ष³ काय करेल? वर जाईल. मग खाली गेलेला आलेख कधीतरी परत यायलाच हवा. एक्समॅक्स १५ आणि वायमिन −२५० करा. तिसरा बिंदू १२ वर सापडतो. घाताचा अंक बघून "जास्तीत जास्त किती वेळा कापू शकतो" हे आधी लिहायची सवय इथून लावा: रेषा एकदा, वर्गबहुपदी दोनदा, घनबहुपदी तीनदा.

## ४. य-अक्षावरचा बिंदू यंत्रावर

"सेकंड", मग "ट्रेस". कॅल्क्युलेट यादी उघडते. पहिला पर्याय "व्हॅल्यू". क्ष विचारलं की ० भरून "एंटर". खाली य ची किंमत येते.

एकच अडचण: ० हा विंडोच्या क्ष-मर्यादांच्या आत असायला हवा. कोणी एक्समिन ५ ठेवला असेल तर यंत्र चूक दाखवतं. खरं तर क्ष = ० ठेवून तोंडीच उत्तर येत असेल तर हे बटण वापरायची गरज नाही, आणि मी तसं मुलांना स्पष्ट सांगते.

## ५. क्ष-अक्षावरचे बिंदू यंत्रावर

मुलं आधी "ट्रेस" वापरून बाणांनी सरकत अक्षाकडे जातात. एकदा जाऊ द्या. जुन्या कृष्णधवल टीआय-८४ वर स्टँडर्ड विंडोत क्ष दर पावलाला २० भागिले ९४, म्हणजे सुमारे ०.२१३ ने सरकतो. आपल्या अन्वस्तावर तो ४.८९३६१७ वरून थेट ५.१०६३८३ वर उडी मारतो, य −०.८४ वरून ०.८६ होतो. ५ वर तो थांबतच नाही. तरीही काही वह्यांत "५.१०६" हे उत्तर म्हणून उतरतं, सहा दशांश स्थळं दिसली की ते अचूकच असणार या विश्वासावर.

त्यामुळे "झीरो" वापरायचं:

१. "सेकंड", "ट्रेस", मग २.
२. "लेफ्ट बाउंड?" असं विचारलं की कर्सर त्या बिंदूच्या डावीकडे नेऊन "एंटर".
३. "राइट बाउंड?" विचारलं की उजवीकडे नेऊन "एंटर".
४. "गेस?" विचारलं की बिंदूच्या जवळ जाऊन पुन्हा "एंटर".

बाण दाबत बसायला नको असेल तर मर्यादा आकड्याने भरता येतात: ४, "एंटर", ६, "एंटर", ५, "एंटर". हळू हात असलेल्या मुलांना हे फार सोयीचं जातं.

डावं आणि उजवं म्हणजे आडव्या दिशेत. आलेख वर चढत असो की खाली उतरत, क्ष लहान ती डावी बाजू. काही मुलं "डावीकडे" म्हणजे "अक्षाच्या खाली" समजतात, आणि उतरत्या आलेखावर अडकतात. शिवाय दोन मर्यादांच्या मध्ये एकच छेदनबिंदू येऊ द्या. दोन्ही आले तर यंत्र त्यातला एकच देईल, किंवा चिन्ह बदलत नाही म्हणून तक्रार करेल. प्रत्येक बिंदूसाठी सगळी प्रक्रिया नव्याने करायची.

उत्तरात कधी य = ० न येता १ई−१२ असं काहीतरी येतं. हा १ भागिले दहाचा बारावा घात, व्यवहारात शून्य. मुलं फक्त पहिला आकडा वाचून "य = १" लिहितात, म्हणून हा पडदा मुद्दाम एकदा दाखवाच.

"झीरो" जमेनासं झालं तर पळवाट आहे: दुसऱ्या ओळीत य = ० भरा आणि "इंटरसेक्ट" (५ वा पर्याय) घेऊन तीनदा "एंटर" दाबा. फक्त तिसऱ्यांदा दाबण्याआधी कर्सर हव्या त्या बिंदूजवळ न्या.

कॅसिओ असेल तर हे सगळं बरंच आटोपशीर आहे. आलेख काढल्यावर "जी-सॉल्व्ह" उघडा. "रूट" ने क्ष-अक्षावरचा सगळ्यात डावा बिंदू येतो, उजवा बाण दाबला की पुढचा. "वाय-आयसेप्ट" ने य-अक्षावरचा. मर्यादा विचारत नाही. पण विंडोबाहेरचं मूळ तोही दाखवत नाही, त्यामुळे तिसरी पायरी त्यांनाही सुटत नाही. डेस्मॉससारख्या ॲपमध्ये तर रेषेवर बोट टेकवलं की छेदनबिंदू करड्या ठिपक्यांनी दिसतात. तिथे शिकवायला बटण असं उरतच नाही, विंडो आणि अर्थ तेवढे उरतात.

## ६. पडदा फसवतो तेव्हा

ही तीन समीकरणं एकेका रांगेला वाटून द्या:

य = क्ष² − ६क्ष + ९
य = क्ष² − ६क्ष + ८.९९
य = क्ष² − ६क्ष + ९.०१

स्टँडर्ड विंडोत तिन्ही आलेख सारखेच दिसतात: ३ जवळ अक्षाला टेकलेला अन्वस्त. जुन्या पडद्यावर ठिपक्यांची एक ओळ म्हणजे सुमारे ०.३२, तेव्हा ०.०१ चा फरक दिसणार कुठून? प्रत्यक्षात पहिला अक्षाला एकाच बिंदूत स्पर्श करतो, दुसरा २.९ आणि ३.१ अशा दोन ठिकाणी कापतो, तिसरा कापतच नाही.

रांगांना एकमेकांची उत्तरं वाचू द्या आणि वाद होऊ द्या. मग कॅल्क्युलेट यादीतला ३ रा पर्याय, "मिनिमम", वापरायला सांगा. सगळ्यात खालच्या बिंदूचा य शून्याच्या आसपास, −०.०१ आणि ०.०१ असा येतो, आणि वाद मिटतो. विवेचक माहीत असलेल्या वर्गात ब² − ४अक काढून बघा: ०, ०.०४ आणि −०.०४.

नुसता स्पर्श करणाऱ्या आलेखावर "झीरो" चा भरवसा धरू नका. डावी-उजवीकडे य चं चिन्ह सारखंच असतं, आणि यंत्र चिन्ह बदलण्यावरून मूळ शोधत असल्यामुळे कधी चूक दाखवतं, कधी २.९९९९ सारखं काहीतरी देतं. तिथे "मिनिमम" किंवा "मॅक्सिमम" घ्यायचं आणि य शून्य आहे का ते बघायचं.

उलट बाजूही आहे. य = १ ÷ (क्ष − २) मध्ये २ च्या एका बाजूला य ऋण, दुसऱ्या बाजूला धन; तरी आलेख क्ष-अक्षाला कुठेच कापत नाही. काही विंडोंत दोन तुकडे जोडणारी उभी रेघसुद्धा उमटते आणि ती आलेखाचाच भाग वाटते.

## ७. ताळा आणि लिहिण्याची पद्धत

मिळालेली किंमत मूळ समीकरणात ठेवून बघायला सांगा, ऋण संख्या कंसात घालून. (−३)² − २(−३) − १५ चं उत्तर ० येतं. कंस न घालता −३² टाइप केलं तर यंत्र −९ धरतं, उत्तर −१८ येतं आणि बरोबर मूळ चुकीचं ठरवून मुलं ते खोडतात.

लिहिताना बिंदू पूर्ण लिहायचा: (५, ०). नुसतं "५" लिहिणाऱ्या मुलाला तो कोणत्या अक्षावर आहे हे विचारा, बऱ्याचदा उत्तर येत नाही. य = क्ष² − ३ सारख्या ठिकाणी यंत्र १.७३२०५०८ देतं. प्रश्नात अचूक किंमत मागितली असेल तर √३ लिहायचं, अंदाजे मागितली असेल तर किती स्थळांपर्यंत ते बघायचं. आणि −√३ विसरायचं नाही.

## ८. सरावाचा क्रम

मी सरावाची गणितं सोप्याकडून अवघडाकडे अशी लावत नाही. एकामागून एक वेगळा सापळा येईल अशी लावते.

- ३क्ष + ४य = २४. हे यंत्राशिवाय लवकर होतं. कोण उगाच बटणं दाबतं ते बघा.
- य = क्ष² + ४. क्ष-अक्षावर एकही बिंदू नाही. "नाही" हेही उत्तर असतं.
- य = क्ष³ − १३क्ष² + १२क्ष, पण यावेळी विंडो न सांगता. इथे (०, ०) हा बिंदू दोन्ही अक्षांवर आहे, तो दोन्ही उत्तरांत यायला हवा.
- य = (क्ष² − ३क्ष) ÷ क्ष. पडद्यावर य = क्ष − ३ ही रेषा दिसते आणि मुलं (०, −३) लिहितात. "व्हॅल्यू" मध्ये ० भरलं तर य समोर जागा कोरीच राहते, कारण तिथे शून्याने भागाकार होतो. य-अक्षावर बिंदूच नाही. क्ष-अक्षावर मात्र (३, ०) आहे.
- य = क्ष³ − क्ष − १. अवयव पडत नाहीत, आता खरी यंत्राची गरज. उत्तर १.३२५ च्या आसपास. १ ठेवलं तर −१ आणि २ ठेवलं तर ५, म्हणून मूळ १ आणि २ च्या मध्ये आहे, एवढं मुलांनी "झीरो" दाबण्याआधी वहीत लिहिलेलं असावं.

तपासताना फक्त अंतिम बिंदू बघू नका. प्रत्येक गणिताशेजारी अंदाज, निवडलेली विंडो आणि बिंदू असे तीन रकाने आखून घ्या. विंडोचा रकाना कोरा असेल तर उत्तर बरोबर असलं तरी ते शेजारच्या बाकावरून आलंय का, हे तिथेच विचारून घ्या.